शेकराची चिलीम

एका राज्यात निशाणावर शेकरू होते, नाण्यावर शेकरू होते आणि रानात तर फांदीफांदीवर होते. तिथला राजा धैर्यसेन. त्याला लांब नळीच्या लाकडी चिलमी जमवण्याचा भारी नाद. ओढायचा एकही नाही. स्फटिकाच्या कपाटात मांडायचा आणि दाखवून दाखवून पाहुण्यांना जेरीस आणायचा.

अशाच एका चिलमीसाठी त्याने रानातला सर्वांत जुना वृक्ष पाडला. शेकरांची घरटी मातीत आली. रानातल्या मांत्रिकाने शाप दिला. त्या क्षणी शेकरे नाहीशी झाली, निशाण कोरे पडले, आणि शेकरांची राखण करणारी गिरजाही त्यांच्याबरोबर नाहीशी झाली. गिरजा ही लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या भिवा कातार्‍याची बायको. अपराध राजाचा आणि घर ओस पडले भिवाचे.

राजालाही चैन पडेना. निदान कपाटात तरी शेकरू असावे, म्हणून त्याने भिवाला शेकराच्या आकाराची चिलीम घडवायला सांगितली. भिवा घरी आला. अंगणात साळुंकी बसली होती.

"हीच चिलीम शाप उतरवील," ती म्हणाली. "लाकूड आपसूक पडलेल्या झाडाचं घे. शेपटी कोरताना पटाशी लाकडावरून एकदाही उचलू नकोस. आणि ती पेटव अशा चुलीच्या निखाऱ्यानं, जिथं गेलेल्या माणसाचा स्वयंपाक अजून होतो."

वाऱ्याने पडलेला शिसव मिळाला. शेकराच्या पोटात भिवाने तंबाखूची जागा केली, शेपटीची नळी केली. बोटे सोलवटली, पण पटाशी उचलली नाही. तिसऱ्या कामाने मात्र त्याला दमवले. तो गावोगाव फिरला. लोक गेलेल्यांसाठी रडत होते, पण शिजत होते ते असलेल्यांपुरतेच. थकून तो घरी परतला, चूल पेटवली, एक भाकरी भाजली. मग रोजच्यासारखी गिरजाच्या वाटची दुसरी थापली, आणि ती तव्यावर टाकताना त्याचा हात थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भिवा रडला.

चिलीम आणि त्या चुलीतला निखारा घेऊन तो दरबारात गेला. चिलीम पाहून राजा हरखला. लहानपणी आपल्या तळहातावरची उंबरे खाणारे शेकरू त्याला आठवले. पण शाप उतरायला ती पेटवावी लागेल, असे भिवाने सांगताच त्याने चिलीम छातीशी धरली.

"पेटल्यावर उरेल काय?"

"राख, महाराज."

"अशी चिलीम पुन्हा होणार नाही."

"गिरजाही पुन्हा होणार नाही, महाराज."

राजा कोऱ्या निशाणाकडे बघत राहिला. मग चिमटा स्वतः घेऊन त्याने निखारा ठेवला. धुरातून तांबूस शेपटीचे शेकरू निघाले आणि खिडकीतून झाडावर गेले. त्यामागून दुसरे, मग कितीतरी. निशाण भरले. चिलमीची मूठभर राख झाली.

भिवा धावतच घरी पोचला. गिरजा चुलीतली राख उकरत बसली होती.

"निखारा कुठं गेला?" तिने विचारले.

"तुला आणायला."

दुसरी भाकरी गार झाली होती. गिरजाने ती मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

राजाच्या कपाटात तेव्हापासून एक कप्पा रिकामा आहे, आणि पाहुण्यांना राजा तोच आधी दाखवतो. भिवाचे वाट पाहणे जसे संपले, तसे वाट पाहणाऱ्या सगळ्यांचे संपो.