खारीचे दात आणि नांदेतले कमळ

मुलांनो, रानाच्या कडेला कुंभार टाकून गेलेली एक मोठी मातीची नांद होती, आणि त्या नांदेत एक बेडकी राहत असे. शेजारचे तळे आटले तेव्हा ती इथे आली. येताना तिने तळ्यातल्या कमळाच्या काळ्याभोर बिया आणल्या. नांदेच्या तळाशी तिने चिकट गाळ थापला. वळवाच्या सरीने नांद भरली, तशा तिने बिया पाण्यात सोडल्या. नांद दिवसभर उन्हात असे, दुपारी पाणी चटके देई. बेडकीचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. कमळाच्या पानांची सावली झाली नाही, तर पिल्ले या पाण्यात होरपळून जातील, ही एकच धास्ती तिला लागली होती.

बिया मात्र ढिम्म! कोंब नाही की काही नाही. एक म्हातारे कासव येताजाता सांगे, "सबुरी धर, बाई. घाईने कुणाचे भले झाले आहे?" बेडकी सबुरी धरून धरून थकली. शेवटी एके सकाळी बियांना झाले आहे तरी काय, हे पाहायला तिने त्या बाहेर काढून नांदेच्या काठावर मांडल्या. तेवढ्यात जांभळीवरून एक खार सरसर उतरली. ही खार म्हणजे रानाची डोकेदुखी. साल दिसो, खुंटी दिसो, कुरतडल्याशिवाय पुढे जायची नाही. तिने एक बी उचलली आणि लागली की दात चालवायला!

"अगं अवदसे! माझ्या लेकरांची सावली खातेस?" बेडकी ओरडली.

"मावशी, मी नुसते वरचे साल खरवडले हो! दात शिवशिवले की मला राहवतच नाही," असे म्हणत खार झाडावर पळाली. "जित्याची खोड!" बेडकी रडवेली होऊन पुटपुटली आणि तिने सगळ्या बिया पुन्हा पाण्यात टाकल्या.

थोड्याच दिवसांत काय झाले असेल? त्या कुरतडलेल्या बीमधून हिरवागार कोंब वर आला! बाकीच्या बिया खड्यांसारख्या पडून होत्या. कासव ऐटीत म्हणाले, "पाहिलेस? सबुरीचे फळ!"

"सबुरी तर सगळ्याच बियांना सारखी मिळाली, दादा," बेडकी हसून म्हणाली, "दात मात्र एकीलाच लागले. साल इतके टणक, पाणी आत शिरणार कुठून?"

ती टुणटुण उड्या मारत जांभळीखाली गेली. खार पानाआडून घाबरत म्हणाली, "शपथ, मावशी, आज मी काहीच कुरतडले नाही!"

"म्हणूनच तर आले. उरलेल्या बिया काठावर मांडते. चल, कुरतड! पण आतले पांढरे दिसले की थांबायचे हं."

खार हरखून गेली. आजवर तिला 'कुरतड' असे कुणी म्हटलेच नव्हते! तोंडाला पाणी सुटत होते, तरी पांढरे दिसताच ती प्रत्येक बी जपून खाली ठेवी, आणि बेडकी ती पाण्यात सोडी. पाहता पाहता नांद गोल पानांनी भरली. गार सावलीत बेडकीची पिल्ले शेपट्या हलवत पोहू लागली, आणि एका सकाळी त्यांच्या डोक्यावर गुलाबी कमळ उमलले. ते पाहून बेडकीला आनंदाने काय करू नि काय नको असे झाले. त्या दिवसापासून रानातले प्राणी आपापल्या घरच्या टणक सालीच्या बिया घेऊन खारीच्या झाडाखाली येऊ लागले.

तात्पर्य : कुणाची खोड मोडण्याआधी तिला एखादे काम देऊन पाहावे.