सावरखिंडीतले दगड

फार फार वर्षं झाली त्याला. सावरखिंडीच्या पायथ्याशी उंबरशेत नावाच्या गावात ठकू वैदीण राहत होती. तिच्या हाताला असा गुण होता, की तिने नुसतं पाणी पाजलं तरी ताप उतरायचा, असं म्हणतात. तिने एकाही माणसाला खिंडीपलीकडच्या दवाखान्यात पाठवलं नव्हतं, आणि याचा तिला मोठा अभिमान होता.

तिची धाकटी बहीण साळू. एका उन्हाळ्यात साळूला मेलेल्या आईचा आवाज ऐकू येऊ लागला. तिची झोप गेली. भाकरीत विष आहे म्हणून ती ताट ढकलू लागली. लोक म्हणाले, "ठकू, पलीकडे मनाचे डॉक्टर बसतात म्हणे. ने की तिला."

"माझ्या बहिणीला वेड्यांच्यात नेऊ? एवढी अमावस्या जाऊ दे."

ती अमावस्या गेली, पुढचीही गेली. ठकू मुळ्या उगाळत राहिली. एका दुपारी साळू केस विंचरता विंचरता म्हणाली, "अक्का, आई डोहावर ये म्हणतेय."

ठकूने सहाणेवरून मान वर केली नाही. "म्हणू दे," ती म्हणाली.

मुळी उगाळून होईपर्यंत साळू डोहात बुडाली होती.

त्या दिवसापासून डोहाचं पाणी काळं पडलं, असं म्हणतात. ठकूने तेरा दिवस सहाणेला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी ती खिंडीत गेली आणि वाटेच्या कडेला एक दगड ठेवून आली.

पुढच्या उन्हाळ्यात खेमा कुंभाराशी त्याचं चाक बोलू लागलं. ठकूने त्याला जवळ बसवून विचारलं, "चाक नुसतं बोलतं, का हुकूम करतं?"

खेमा पुटपुटला, "भट्टीत शिर म्हणतं."

ठकू तशीच उठली. आपल्या पदराची गाठ तिने त्याच्या उपरण्याला मारली आणि खिंडीची वाट धरली. पारावरून कोणीतरी ओरडलं, "काय ठकू, टेकलेस ना हात?"

"टेकले बाबा. वर्षभर उशिरा टेकले."

खिंडीत खेमाने सात वेळा हिसडे मारले, पण गाठ सुटली नाही. ठकूला बघून धुकंसुद्धा बाजूला सरलं, असं म्हणतात. झोप कधी गेली, अन्न कधी सुटलं, चाक काय म्हणतं, हे सगळं तिने डॉक्टरांना सांगितलं. परतताना तिने आधीच्या दगडावर खेमाच्या नावाचा दगड ठेवला. चार महिन्यांनी खेमा आला. आपला दगड त्याने स्वतः उचलला.

दुःखाने रडणाऱ्याला, तापात बरळणाऱ्याला ठकू घरीच सांभाळायची. पण आवाज हुकूम करू लागला, की ती एक दिवसही थांबत नसे. काही परत आले, काही आले नाहीत. म्हातारपणी एकाला पोचवून येताना ती खिंडीतच नाहीशी झाली. दगडांवर फक्त गाठ मारलेला पदर सापडला, असं म्हणतात.

आता तिथून एसटी जाते. उंबरशेतात कोणाला आवाज ऐकू आले, तर शेजारीण आधी ठकूचा प्रश्न विचारते, मग पदराला गाठ मारून सोबत निघते. खिंडीत ड्रायव्हर न सांगता गाडी थांबवतो. नवा दगड ठेवला जातो. बरा होऊन आलेला माणूस आपला दगड उचलून घरी नेतो.

सगळ्यात खालचा दगड साळूचा आहे. तो उचलायला कोणी येणार नाही. सोबत आलेली बाई त्यावर क्षणभर हात ठेवते आणि लगबगीने गाडीत चढते.