करुप्पायीची मोगरी

खूप खूप वर्षं झाली. कावेरीच्या एका फाट्यावर मुरुगनच्या देवळाभोवती पुन्नैकुडी नावाचं गाव वसलं. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. देऊळ एवढंसं, पण त्याचा लाकडी रथ नारळीच्या वर डोकं काढायचा, असं म्हणतात.

तो रथ ओढायला हजार हात लागत, थांबवायला मात्र दोनच. चाकाखाली लाकडाचा उतरता ठोकळा सरकवायचा, त्याला मोगरी म्हणतात. सुतारगल्लीतली करुप्पायी चिंचेच्या ओल्या लाकडाच्या मोगऱ्या तासायची आणि तिचा नवरा त्या लावायचा. नवरा गेला. बाईमाणसाने रथाजवळ यायचं नाही, म्हणून ते काम गावप्रमुख तांडवरायनच्या माणसांकडे गेलं.

तांडवरायनला हौस दांडगी. त्याने सागवानाच्या कोरीव मोगऱ्या करवल्या, तेल पाजून चकाकत्या केल्या. करुप्पायीने त्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"अण्णा, तेल प्यायलेलं लाकूड चाकाला धरेल कसं? ओलं लाकूड दबतं, म्हणून धरतं."

"देवाला ओबडधोबड देऊ होय? जा बाई, घरी जा."

ती गेली, पण घरी नाही. पदराआड आपली चिंचेची एक मोगरी घेऊन रथाच्या वाटेवरच्या, तळ्याकडे जाणाऱ्या उतारावर जाऊन बसली.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलेलं. उतार संपतो तिथे तळ्याचा मातीचा बांध आणि बांधाखाली सगळं गाव, तान्ह्या पोरांसकट. रथ उताराला लागला आणि चकाकत्या मोगऱ्या एकामागून एक सटकल्या. हातातले दोर सुटले. रथ बांधाकडे धावत निघाला. बांध फुटला असता तर पुन्नैकुडी उरली नसती.

करुप्पायी वाटेत उभी राहिली. चाकापुढे मोगरी धरून, वर मूर्तीकडे बघत, अंगणातल्या पोराला दटावावं तशी ओरडली, "थांब रे बाळा! खाली लेकरं आहेत!"

आणि रथ थांबला! तिच्या बोटांपासून भाताच्या एका दाण्याएवढ्या अंतरावर. घंटा थांबल्या, फडफडणारी पताका होती तशीच ताठ राहिली, असं म्हणतात. माणसांनी जागच्या जागी लोटांगण घातलं.

मग रथ हलेचना. सात हत्ती जुंपले, तरी हलेना. शेवटी तांडवरायन पागोटं काढून तिच्यापुढे आला. "अम्मा, तुम्हीच सांगा त्याला."

"त्याने माझं ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही कधी ऐकणार?" मग चाकावर हात ठेवून हळूच म्हणाली, "चल, बाळा." तेव्हा कुठे रथ हलला.

आजही त्या उतारावर रथ आपोआप थांबतो, असं म्हणतात. हजार माणसं दोर धरून गप्प उभी राहतात. सुतारगल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई येते, करुप्पायीचं नाव घेते, "चल, बाळा" म्हणते, मगच दोर ताणले जातात.

एका वर्षी त्या म्हातारीला ताप भरला. दुसरीला बोलवा, असं पुजारी म्हणाले, पण दोराला कुणीच हात लावला नाही. तीन दिवस देव उन्हात उभा होता. चौथ्या दिवशी म्हातारी काठी टेकत आली, मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जेवलास का रे?"