शिवेवरचा गाडा

"पण बाबा, गाडा परत आलाच कसा?"

अंतोबा वैद्याने हे तिसऱ्यांदा विचारलं. हसनशा फकीर शिवेवरच्या चिंचेखाली सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

गावात पटकीची साथ शिरून आठवडा झाला होता. अंतोबाच्या पुड्या झाल्या, काढे झाले, गुण काही येईना. झाडपाला त्याला याच फकिराने शिकवलेला, पण पंचक्रोशीत नाव झालं आणि स्वारीला गुरूचा विसर पडला. आता पोटचा पोर डोळे खोल जाऊन घरात पडला, तेव्हा मात्र वैद्यबुवांची सगळी ऐट उतरली.

मग गावाने मरीआईचा गाडा केला. साडीचोळी, हिरव्या बांगड्या वाहिल्या, गावची रोगराई त्यात बसवली आणि पश्चिमेला नांदखेडच्या हद्दीत ढकलून दिली. मागे वळून पाहायचं नाही, ही रीत. ढकलणाऱ्यांत अंतोबा सगळ्यांच्या पुढे होता.

आणि आज भर दुपारी तोच गाडा पुन्हा शिवेवर उभा. बैल नाही, माणूस नाही. वारा पडलेला, तरी बांगड्या किणकिणत होत्या. अंतोबासकट चौघांनी जोर लावला, पण चाक तसूभर हलेना. नांदखेडकरांनीच परत लोटला असेल, असं म्हणायलाही कुणाची जीभ रेटेना.

बाबा उठले. गाड्यात हात घालून त्यांनी बांगड्यांखालून एक टोपडं काढलं. लाल, झालरीचं. ते या गावातून गेलेलं नव्हतं, नांदखेडचं होतं.

त्यांनी ते अंतोबाच्या हातावर ठेवलं. टोपडं अजून ओलं होतं.

"केवढं असेल रे पोर?"

वैद्यच तो, अंतोबाला कळलं होतं. सात-आठ महिन्यांचं. त्याला लाज वाटली, पण लाजेहून भीती मोठी होती. त्याने बाबांचे पाय धरले. चुकलं असेल आपलं, पण पोरगं आजची संध्याकाळ काढत नाही, गाडा आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे, असं तो रडत म्हणाला.

"बरं," म्हणत बाबांनी एकट्याने दांडी खांद्यावर घेतली. चौघांना न जुमानलेलं चाक कुरकुरलं आणि फिरलं.

"कुठं नेऊ? पूर्वेला खैरवाडी आहे."

"तिकडं नको बाबा... तिथं आमची यमुना दिलीय."

"मग दक्षिणेला?"

मागे उभा असलेला गोंदा कुंभार मटकन खाली बसला. त्याची धाकटी लेक तिकडेच दिलेली होती. उत्तरेचं नाव निघायच्या आधीच बाकीच्या दोघांनी हात जोडले.

बाबा थांबले. बांगड्याही थांबल्या...

"जिथं कुणाचीच लेक नांदत नाही, असं गाव सांग, अंतोबा. मी हा निघालो."