दारातलं रोप

ठक्. मग थोडी शांतता, मग पुन्हा ठक्. फार वर्षांपूर्वी त्या राज्यात दिवसभर हाच आवाज ऐकू येई. म्हातारं कासव एकेका रोपापाशी पाण्याचा गडू टेकवी, त्याचा तो आवाज.

त्या राज्यात पाणी सांगितल्याशिवाय हलत नसे, आणि सांगावं लागे तेही बारीकसारीक. कासव गडूतल्या पाण्याला म्हणे, “शून्य टप्पा. थांब. उतर. मुळाशी जा.” मग गडू पुरता रिकामा झाला का ते पाही, तो पुन्हा भरी आणि म्हणे, “एक टप्पा. थांब. उतर. मुळाशी जा.” असं रांगेच्या टोकापर्यंत.

रांग वाढत गेली आणि कासव थकत गेलं. टोकाची रोपं माना टाकू लागली. चिमण्या चेष्टा करीत, “आजोबा, तुम्ही पोचेपर्यंत त्या रोपाचं सरपण होईल हो!” कासव हसे आणि गडू पाठीवर घेई.

डोंगरातून एक झरा येई. त्याची बोली निराळी होती. त्याला एकेकाचं सांगत बसलेलं खपत नसे. अख्खी रांग एका दमात सांगितली, की तो अख्खी रांग भिजवी. दोन्ही बोली येत होत्या त्या फक्त साळुंकीला. कासवाचं म्हणणं झऱ्याला सांग, अशी सगळ्यांनी तिला गळ घातली. ती कासवाच्या घरावरच्या फांदीवर बसून त्याचा शब्द न् शब्द ऐकत राहिली आणि त्या लांबलचक बोलण्याचं तिने एकच वाक्य केलं, “पहिल्या टप्प्यापासून शेवटापर्यंत सगळ्यांना पाज.” शून्य म्हणजे कासव अजून निघालेलंच नाही, असं समजून तिने तेवढं गाळलं. झऱ्यालाही ते कळलं नसतं. जो सतत वाहतो, तो एका जागी कधी उभाच नसतो.

झरा धावला. टोकाचं रोपही ताठ झालं. साळुंकीने वरून फेरी मारली. सगळं हिरवंगार होतं.

एका संध्याकाळी तिला पुन्हा तो आवाज आला. ठक्. कासवाच्या दारावरच्या दाट जाळीखाली, जिथे वरून नजर पोचत नसे, एक पिवळं पडलेलं रोप होतं.

“आजोबा, अजून पाणी घालताय? सुटलात ना यातून?”

“हे एवढंच गं.”

“हे कुठलं?”

“दारातलं. इथे यायला चालावं लागत नाही. शून्य टप्पा.”

आपण गाळलेला शून्य टप्पा साळुंकीला आठवला. मग म्हणाली, “बोलला का नाहीत?”

“वाटलं, त्या बोलीत ह्याला जागा नसेल. राहू दे. माझ्या प्यायच्या पाण्यात भागतं त्याचं.”

भागत नव्हतं. कासवाचा घसा कोरडा पडला होता आणि रोपाला एकच हिरवं पान उरलं होतं.

साळुंकी तशीच झऱ्याकडे उडाली. “कासवाच्या दारापासून सुरू कर.”

“दार म्हणजे कितवं?” झऱ्याने विचारलं.

“पहिलं,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांचे आकडे एकेकाने पुढे सरकव.”

सकाळी जाळीखालून पाणी आलं. कासवाचे पाय भिजले. पाणी रोपाच्या मुळाशी जाईपर्यंत कासव बघत राहिलं. मग गडूतलं पाणी ते स्वतः प्यायलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा गडू त्याने रोपाशेजारी पालथा ठेवला. ठक्.

साळुंकी फांदीवर वाट बघत होती. कासवाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मोकळ्या पाठीने, रांगेच्या कडेकडेने ते चालू लागलं.