अप्पांच्या फोनमधली फट

"टाकू की नको, अप्पा?"

"काय टाकायचं?"

"अपडेट. तुमच्या फोनवर आलंय."

शांतलिंग अप्पा मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. मान वर केली नाही.

मन्मथ त्यांचा लाडका शिष्य. लातुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, आणि सोमवारची मठातली फेरी कधी चुकवायचा नाही. अप्पांची नजर अधू झाली तेव्हा त्यानं कंपनीनं सुरक्षेसाठी घातलेली कुलपं तोडून त्यांच्या फोनची आतली सगळी रचनाच बदलली. अंगठ्याएवढी अक्षरं. आलेला निरोप वाचून दाखवणारा आवाज. तीन महिने खपला होता. मठात येईल त्याला दाखवायचा.

"टाकलं तर काय होईल?"

"मी केलेलं सगळं पुसलं जाईल. फोन पहिल्यासारखा."

"आणि नाही टाकलं तर?"

मन्मथ घुटमळला.

"कुलपं तोडलीत ना मी... एक फट राहिलीय. चोराला आत शिरता येतं. पण शिरेलच असं नाही, अप्पा."

अप्पांचे हात थांबले.

त्या फोनवर माणसं रडायची. नवऱ्यानं टाकलेली बाई. लेक तुरुंगात असलेला बाप. घरात जे बोलता येत नाही, ते अप्पांना बोलून पाठवायची.

"फट कधी कळली तुला?"

मन्मथ ओट्यावरची टरफलं गोळा करू लागला.

"मन्मथ."

"महिना झाला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही 'टाक' म्हणाला असतात."

अप्पा हसले. फोन हातात घेतला, नाकाला लागेल इतका जवळ नेला.

"कुठं दाबायचं? मला दिसत नाही."

मन्मथ जवळ सरकला. मग त्यानं अप्पांचं बोट हातात धरलं, नेमक्या जागी नेलं... आणि दाबलं.

पडदा काळा झाला.

मन्मथनं तोंड फिरवलं. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही.

"तीन महिने, अप्पा..."

"चांगलं केलं होतंस रे. आवाज तर फार गोड होता."

मन्मथनं बाहीनं डोळे पुसले.

"पुन्हा करतो. कुलपं न तोडता जमतंय का बघतो. पण होतं अगदी तसंच करतो."

"तसंच नको."

"मग कसं?"

"या वेळी मला विचारून कर."