हाराची सुई

"पण बुवा, बारा वर्षांच्या पोरीला वैराग्य येतं का कधी?"

चिमणबुवा झोपडीच्या दारात पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा नागनाथ गुरव, देवीचा पुजारी आणि बुवांचा जुना शिष्य. वीस वर्षांत आपण सोवळं मोडलं नाही, हे तो दर भेटीत एकदा तरी ऐकवायचाच. आज मात्र विसरला होता. त्याची येसू तीन दिवस धड जेवत नव्हती, बोलत नव्हती. तिच्यासाठी अंगारा न्यायला तो टेकडी चढून आला होता.

"वैराग्य कशावरून म्हणतोस?"

"आपल्या वस्तू वाटत सुटलीय. पडवीच्या उंबऱ्यावर ठेवते आणि हाक मारते. बांगड्या धाकटीला दिल्या. रिबिनी शेजारच्या पोरीला. लाडकं करडूसुद्धा मावशीला देऊन टाकलं... रडत रडत."

"पडवीत का?"

नागनाथ चाचरला. "बाजूला बसलीय. पहिल्यांदाच."

"तिला कुणी काही सांगितलं?"

"बायकांचा विषय तो. बापानं कसा काढायचा?"

"आणि आईनं?"

"ती म्हणाली, कुणाला शिवू नकोस, कुणाला सांगू नकोस. गप बसून राहा."

बुवांचे हात थांबले.

"तुला काय दिलं?"

नागनाथनं कनवटीतून पितळेची सुई काढली. दोरा अजून ओवलेलाच होता. रोज पहाटे तो फुलं निवडून द्यायचा आणि येसू देवीचा हार ओवायची.

"म्हणाली, आबा, आता हार तुम्हीच करा. गाठ नीट मारा... सुई गोमूत्र शिंपडूनच घेतलीय मी, बुवा."

बुवांनी सुई हातात घेतली.

"गुरुवारी प्रवचन करतोस ना? शेवट जवळ आल्यावर माणसानं काय करावं म्हणतोस?"

नागनाथ सावरून बसला. हा त्याचा हातखंडा विषय.

"मोह सोडावा. असेल नसेल ते आपल्या हातानं वाटून टाकावं, आणि..."

वाक्य तिथंच राहिलं.

दर गुरुवारी येसू पहिल्या रांगेत बसून हेच ऐकायची. अंगातून रक्त जातंय, आई लांबूनच ताट सरकवते, पाणी वरून ओतते, आणि आबा नजर चुकवून निघून जातात. पोरीनं आपल्या परीनं अर्थ लावला होता. ती मरायची तयारी करत होती, तीही एकटीनं.

उपरण्यात तोंड लपवून नागनाथ लहान पोरासारखा रडला.

"तीन दिवस, बुवा... डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही मी."

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

"काहीतरी प्रायश्चित्त सांगा."

"येसूच्या आईला घे. दोघं पडवीत जा, तिच्याजवळ बसा आणि सगळं सांगा." बुवांनी सुई त्याच्या तळव्यावर ठेवली. "आणि ही तिला परत दे. हातात."

"हातात?"

"हातात."

नागनाथ उठला. चार पावलं गेला आणि वळला. वीस वर्षांचं सोवळं असं एका दुपारी थोडंच सुटतं?

"बुवा... मग उद्या पहाटे देवीचा हार कुणी ओवायचा?"

बुवांनी पुढची शेंग उचलली.

"जिची सुई, तिनं."